दुधाचे एसएमएस कॉम्प्युटरवर सेव्ह करणे आणि डेअरीचं ॲप लॅपटॉपवर चालवणे

गोठ्यावरून

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारायचं होतं, आता गरजच पडलीये म्हणून धागा काढतोय.

आमचं गाव फलटण तालुक्यात. घरी एचएफ गायी आहेत, आण्णा दोन्ही टायमाला डेअरीला दूध घालतात. दर वेळेला संकलन केंद्रावरून मेसेज येतो, त्यात लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग), दर, रक्कम असं सगळं असतं. आधी कागदी पावती मिळायची ती आता बंद झाली त्यामुळे मेसेज हीच पावती. दहा दिवसांचा पगार बँकेत आला की आण्णा वहीशी ताडून बघतात आणि हल्ली मध्येमध्ये फरक निघतोय. केंद्रावर विचारलं तर म्हणतात मेसेज दाखवा, आणि मेसेज दाखवायचे म्हणजे ओटीपी, रिचार्जच्या जाहिराती, लोनच्या ऑफरी ह्या सगळ्या गर्दीत बोटाने वर सरकवत बसायचं, मागे लाईन लागलेली असते.

त्यात फोन जुना झालाय. स्टोरेज फुल झालंय असं सारखं दाखवतो, गावातला मोबाईलवाला म्हणतो रिसेट मारू. मी आण्णांना सांगितलंय की मी येईपर्यंत फोनला हात लावू द्यायचा नाही कुणाला.

दोन गोष्टी पाहिजेत. एक, सगळे मेसेज लॅपटॉपवर अशा पद्धतीने घ्यायचेत की एक्सेलमध्ये बेरीज करता येईल. दोन, डेअरीने नवीन ॲप काढलंय ते फक्त मोबाईलवर चालतं, आण्णांना बारीक अक्षर दिसत नाही, तर ते लॅपटॉपच्या मोठ्या स्क्रीनवर उघडता येईल का. लॅपटॉप विंडोज ११ चा आहे, रॅम ४ जीबी. फोन अँड्रॉइड.

खिडकी_सीट

गूगलचा बॅकअप चालू असेल तर मेसेज त्यात जातातच की. सेटिंगमध्ये बघा, एसएमएस लिहिलेलं दिसेल. वेगळं काही करायची गरज नाही.

सह्यवारा

खिडकी_सीट, जातात हे खरं, पण त्यांना जे पाहिजे ते त्यातून मिळत नाही. गूगलच्या त्या बॅकअपमधले मेसेज उघडून वाचता येत नाहीत, डाउनलोड करता येत नाहीत. नवीन फोन सेट करताना किंवा रिसेट केलेला फोन परत सुरू करताना ते परत येतात, तेवढाच उपयोग. आणि फोन ५७ दिवस वापरात नसेल तर तो बॅकअप गूगल काढून टाकू शकतं. म्हणजे फोन बिघडून कपाटात पडला आणि दोन महिन्यांनी कुणाला आठवण झाली तर हाती काही नाही. चालू ठेवा जरूर, पण त्याच्या भरवशावर रिसेट मारू नका.

गोठ्यावरून दादा, तुमच्यासाठी सरळ रस्ता सांगतो. प्ले स्टोअरवर 'एसएमएस बॅकअप अँड रिस्टोअर' नावाचं ॲप आहे, सिंकटेकचं. फुकट आहे, जाहिराती दिसतात. ते सगळे मेसेज एका एक्सएमएल फाईलमध्ये काढून देतं. फाईल फोनच्या मेमरीत ठेवा नाहीतर थेट गूगल ड्राइव्हवर पाठवा. स्टोरेज फुल असेल तर ड्राइव्हच बरं, किंवा आधी व्हॉट्सॲपचे गुड मॉर्निंगवाले व्हिडिओ उडवून थोडी जागा करून घ्या. नुसते मेसेज जागा खात नाहीत फारशी, अडचण नेहमी फोटो-व्हिडिओचीच असते.

बॅकअप घेताना ते विचारतं की सगळी संभाषणं घ्यायची की निवडक. पहिल्या वेळेला सगळीच घ्या, निवडत बसू नका. डेअरीचा मेसेज प्रत्येक वेळी एकाच नावाने येतो असं नाही. मधल्या डॅशच्या आधीची दोन अक्षरं ऑपरेटर आणि सर्कलप्रमाणे बदलतात, आणि २०२५ पासून ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाने नावाच्या शेवटी एस, टी, पी, जी अशी अक्षरं लागायला लागलीत. एस म्हणजे सर्व्हिस, टी म्हणजे ट्रान्झॅक्शन, पी म्हणजे जाहिरात आणि जी म्हणजे सरकारी. त्यामुळे एकाच डेअरीचे मेसेज फोनमध्ये तीन-चार वेगवेगळ्या नावांखाली पडलेले असू शकतात. गाळणी नंतर एक्सेलमध्ये लावा.

फाईल लॅपटॉपवर आली की एक्सेलमध्ये डेटा टॅब, तिथे गेट डेटा, फ्रॉम फाईल, फ्रॉम एक्सएमएल. नुसती डबल क्लिक करून उघडू नका. ह्या रस्त्याने आणली की प्रत्येक मेसेजची एक ओळ आणि पाठवणारा, तारीख, मजकूर असे कॉलम नीट पडतात.

मधली_आळी

सह्यवारा, तुमची पोस्ट सेव्ह करून ठेवली. एक शंका, आमच्याकडे मेसेज मराठीत येतात. मी एकदा दुसऱ्या कुठल्यातरी ॲपने सीएसव्ही (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली साधी फाईल) काढली होती तर एक्सेलमध्ये नुसती चित्रविचित्र अक्षरं. मराठी गेलं का त्यातलं?

सह्यवारा

नाही गेलं ताई, फाईल शाबूत असते. सीएसव्ही डबल क्लिक केली की एक्सेल बऱ्याचदा ती यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) आहे हे ओळखत नाही म्हणून तसं दिसतं. डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट ऑर सीएसव्ही घ्या आणि फाईल ओरिजिनच्या जागी ६५००१ यूटीएफ-८ निवडा, मराठी जसंच्या तसं येईल. तसंच सेव्ह मात्र करू नका चुकीची अक्षरं दिसत असताना, मग खरंच जाईल.

मराठी मेसेजबद्दल अजून एक. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो, देवनागरीत आला की मर्यादा ७० वर येते, आणि मोठा मेसेज तुकड्यांत पाठवला तर तुकड्याला ६७ च. काना-मात्रासुद्धा त्यात मोजल्या जातात. फोन ते तुकडे जोडून एक मेसेज दाखवतो आणि बॅकअपमध्येही जोडलेलाच येतो. पण रेंज गेली आणि एखादा तुकडा पोचलाच नाही तर मेसेज अर्धा येतो किंवा येतच नाही. गोठ्यावरून, तुमच्या यादीत एखाद्या सकाळची नोंदच दिसली नाही तर लगेच डेअरीने पाठवलाच नाही असं धरू नका, आधी डेअरीच्या ॲपमध्ये ती नोंद आहे का बघा.

पैलतीर

मी न्यू जर्सीला असतो, आईचा फोन नाशिकला. मी गूगल मेसेजेसची वेब आवृत्ती वापरतो, एकदा क्यूआर कोड स्कॅन केला की आईचे सगळे मेसेज इथे लॅपटॉपवर दिसतात. गोठ्यावरून, तुम्ही गावाला न जाता पण हे करू शकाल, घरातल्या कुणाला तरी व्हिडिओ कॉलवर तो कोड दाखवून स्कॅन करायला लावा.

सह्यवारा

पैलतीर, सोय चांगली आहे, पण ह्याला बॅकअप म्हणू नका अशी कळकळीची विनंती. वेबवर दिसतं ते फोनमध्येच असलेलं दिसतं. फोन बंद पडला, त्याचं नेट गेलं की तुमच्याकडे काही नाही. तुम्ही तिकडून एखादा मेसेज डिलीट केलात तर आईच्या फोनमधूनही जातो. प्रत वेगळी पाहिजे, फोन विहिरीत पडला तरी ती वाचता आली पाहिजे, आणि ती वाचायला तोच फोन किंवा तेच ॲप लागता कामा नये. एक्सएमएल फाईल साध्या नोटपॅडमध्येही उघडते, मला ती पसंत पडण्याचं मुख्य कारण हेच.

पैलतीर

पटलं. फाईलवाला बॅकअप पण लावून घेतो आईच्या फोनवर. ते आपोआप होत राहील असं करता येतं का? आईला दर आठवड्याला सांगणं जमणार नाही.

सह्यवारा

हो, त्याच ॲपमध्ये शेड्युल आहे, रोज किंवा आठवड्याला, ड्राइव्हवर. फक्त काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागचे ॲप मारून टाकतात, तर सेटिंगमध्ये ह्या ॲपसाठी बॅटरीचं बंधन काढा आणि ऑटोस्टार्ट चालू करा. आणि महिन्यातून एकदा ड्राइव्हवर जाऊन शेवटच्या फाईलची तारीख बघायची. बघितल्याशिवाय चालू आहे असं समजायचं नाही.

गूगल मेसेजेसमध्ये ओटीपी २४ तासांनी आपोआप डिलीट करायचं सेटिंग आहे ते चालू करा. फाईल हलकी राहते आणि त्यात नको ते साठत नाही.

तांबडी_माती

मी स्वतः दूध घालतो, गोठा आहे, संगमनेरजवळ. गोठ्यावरून दादा तुमचा विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहितो. मेसेज एक्सेलमध्ये आले की सरसकट महिन्याची सरासरी काढू नका, सकाळ आणि संध्याकाळ वेगळी करा. संध्याकाळच्या दुधाला फॅट जास्त लागतं कारण सकाळच्या धारेपासून मध्ये तास कमी जातात, आणि दोन्ही एकत्र केलं की खरा फरक कुठे पडला ते झाकून जातं. मग कॉलम खालपर्यंत बघत जायचं. गायीचं फॅट एसएनएफ हळूहळू हलतं, उन्हाळ्यात उतरतं, चारा बदलला की हलतं, वेत पुढे सरकलं की हलतं. पण सलग ३.८ येतंय आणि मध्येच एका टायमाला ३.३, परत दुसऱ्या दिवशी ३.८, असं दिसलं तर सॅम्पल नीट ढवळून घेतलं होतं का किंवा मशीन साफ होतं का हे विचारायचा आपला हक्क आहे. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा दराचा बेस, त्याच्या खाली एकेका पॉइंटला (म्हणजे ०.१ ला) दर तुटतो. लोकांना वाटतं पॉइंटच्या फरकाने काय होतंय, रोजच्या चाळीस-पन्नास लिटरवर वर्षाचं गणित करून बघा, रक्कम छोटी निघत नाही.

आमच्या भागात किती जण मेसेज वाचतसुद्धा नाहीत ह्याचं फार वाईट वाटतं. तुम्ही हे आण्णांसाठी करताय, करून झाल्यावर शेजारच्या चार जणांना पण करून द्या.

गोठ्यावरून

तांबडी_माती दादा, मनापासून आभार. सकाळ संध्याकाळचं लक्षातच आलं नव्हतं. शेजाऱ्यांचं नक्की करणार, दोघे जण विचारतायत आधीच.

सह्यवारा, शनिवारी गावाला आलो, आल्या आल्या बॅकअप घेतला आणि फाईल ड्राइव्हवरून लॅपटॉपवर उतरवली. एक्सेलमध्ये आली पण तारखेच्या कॉलममध्ये तेरा आकडी नंबर दिसतोय नुसता. आणि मजकुरातून लिटर, फॅट वेगळं कसं करायचं?

सह्यवारा

तो नंबर म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद. शेजारच्या कॉलममध्ये सूत्र लिहा, त्या नंबरला ८६४००००० ने भागायचं, त्यात २५५६९ मिळवायचे, आणि भारतीय वेळेसाठी ५.५ भागिले २४ अजून मिळवायचे. मग त्या कॉलमला तारीख-वेळेचं फॉरमॅट द्या. वेळ कळली की सकाळ-संध्याकाळ आपोआप वेगळी होते, दुपारी बाराच्या आधीचं सकाळ. वाचता येईल अशी तारीख वेगळ्या कॉलममध्येही असते पण ती मजकूर म्हणून येते, तिच्यावर गणित नीट होत नाही.

लिटर, फॅटसाठी पहिल्या दोन-तीन ओळींना हाताने फॅटचा आकडा शेजारी लिहा आणि पुढच्या ओळीवर कंट्रोल ई दाबा. एक्सेल नमुना ओळखून बाकीचं भरतं. मेसेजचा साचा मध्येच बदलला असेल तर तिथून पुढे परत तसंच करा. नंतर अधल्यामधल्या दहा-वीस ओळी मूळ मजकुराशी ताडून बघाच, कारण कंट्रोल ई कधीकधी फॅटच्या जागी एसएनएफ उचलतं.

आणि आरसीएसचं सांगायचं राहिलं. मेसेजच्या ॲपमध्ये चॅट चालू असेल आणि एखादी संस्था त्या रस्त्याने पाठवत असेल, म्हणजे लोगो आणि बटणं असलेला मेसेज, तर तो फोनच्या एसएमएसच्या डेटाबेसमध्ये नसतो, आणि अशी बॅकअपची ॲप त्याला बरेचदा उचलतच नाहीत. ड्राइव्हवरची फाईल आणि फोन शेजारी ठेवून शेवटच्या आठवड्याचे मेसेज जुळतात का बघून घ्या.

कोर्टकचेरी_नगर

वकिली करतो म्हणून थोडं लिहितो. उद्या वाद वाढला तर एक्सेलची प्रिंट म्हणजे पुरावा झाला असं समजू नका. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत कोर्टात द्यायची तर प्रमाणपत्र लागतं. आधी पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, आणि नव्या नमुन्यात फाईलची हॅश व्हॅल्यूही (फाईल बदलली की बदलणारा तिचा आकडी ठसा) भरावी लागते. हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे सुप्रीम कोर्टाने जुलै २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल ह्या निकालात पक्कं केलं, तो वाद आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतूनच गेला होता. त्याच निकालात असंही आहे की मूळ उपकरणच मालकाने स्वतः साक्षीला येऊन हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. म्हणून आण्णांचा मूळ फोन, त्यातले मूळ मेसेज न खोडता, जपून ठेवा. नवीन फोन घेतलात तर जुना मोडीत देऊ नका. एक्सेल तुमच्या हिशोबासाठी आणि केंद्रावर बोलण्यासाठी भरपूर आहे, बहुतेक वेळा तेवढ्यावरच काम होतं.

नेटकी_निशा

दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून मी लिहिते.

विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःची अँड्रॉइड चालवायची सोय दिली होती, ॲमेझॉन ॲपस्टोअरबरोबर यायची. ५ मार्च २०२५ ला ती बंद झाली. अजून यूट्यूबवर तिचे व्हिडिओ फिरतात आणि लोक कुठूनतरी फायली उतरवून बसवतात, तसं करू नका. गूगलचं प्ले गेम्स कॉम्प्युटरवर आहे पण ते गेमसाठी. मग राहतात ब्लूस्टॅक्ससारखे एम्युलेटर. ते कॉम्प्युटरच्या आत एक अख्खा अँड्रॉइड फोन उभा करतात, त्यामुळे रॅम लागते. ब्लूस्टॅक्स कमीत कमी ४ जीबी सांगतं, पण ४ जीबीच्या लॅपटॉपमध्ये विंडोज ११ चालवून वर हे म्हणजे ओढाताण होईल, ८ पाहिजे. शिवाय बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू लागतं, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू इथे ते चालू आहे का दिसतं.

आणि एम्युलेटर कुठूनही उतरवू नका. २०२१ च्या सुरुवातीला ईसेट कंपनीने उघड केलं होतं की नॉक्सप्लेअर ह्या एम्युलेटरच्या अपडेटच्याच वाटेने काही निवडक लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये मालवेअर सोडलं गेलं. वापरलाच तर त्यात तुमचं नेहमीचं गूगल अकाउंट टाकू नका, नवीन कोरं अकाउंट काढा. बँकेची आणि यूपीआयची ॲप तर त्यात चालवायच्या भानगडीतच पडू नका. यूपीआय नोंदणी करताना फोनमधल्या सिमवरून मेसेज पाठवून तो फोन आणि नंबर बांधून घेते, कॉम्प्युटरला सिम कुठून आणणार.

तुमच्या कामाला एम्युलेटर लागतच नाही खरं तर. ॲप फोनवर आहेच, त्याचा स्क्रीन फक्त मोठा पाहिजे. त्यासाठी 'स्क्रॅपी' म्हणून ओळखला जातो तो एससीआरसीपीवाय नावाचा मोफत ओपन सोर्स प्रोग्राम आहे, जेनीमोबाईलचा, २०१८ पासून. गिटहबवरच्या त्याच्या मूळ पानावरूनच घ्या, त्याच्या नावाने दुसऱ्या साइटी पण आहेत. फोनमध्ये काही इन्स्टॉल करावं लागत नाही, रूट (फोनचं कुलूप तोडून पूर्ण ताबा घेणं) नको, यूएसबी केबल लावली की फोनचा स्क्रीन लॅपटॉपवर, माउसने चालवता येतो. ४ जीबीत आरामात चालतो. आधी फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन उघडायचे आणि यूएसबी डीबगिंग चालू करायचं. शाओमी, रेडमीचा फोन असेल तर तिथेच डीबगिंगच्या सिक्युरिटी सेटिंगचं वेगळं बटण आहे तेही लागतं, नाहीतर स्क्रीन दिसतो पण क्लिक लागत नाही. काम झालं की डीबगिंग बंद करायचं, हे दर वेळेला.

बँकेचं ॲप उघडलं की खिडकी काळी दिसेल, घाबरू नका, त्या ॲपने स्क्रीन बाहेर दाखवायला मनाई केलेली असते आणि ते योग्यच आहे. मराठी थेट टाईप होत नाही, लॅपटॉपवर लिहून पेस्ट करायचं.

मधली_आळी

निशाताई, मग एनीडेस्कसारखं, लांबून स्क्रीन दाखवणारं ॲप का नको? आमच्याकडे तो एकदा एकाने फोनवरून सांगून टाकायला लावला होता, डेअरीच्या ॲपची केवायसी करून देतो म्हणून.

नेटकी_निशा

मधली_आळी, तो फोन करणारा कोण होता ते आधी डेअरीत जाऊन विचारा आणि आजच ते ॲप फोनमधून काढा! ॲप चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही, अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून टाकलेलं आहे हा आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना ह्याबद्दल नाव घेऊन सावध केलं होतं. लांबचा माणूस नऊ आकडी कोड मागतो, तो दिला की तुमचा स्क्रीन त्याला दिसतो, येणारा ओटीपी पण. बँकेत जाऊन खातं तपासा, पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. स्क्रॅपीमध्ये केबल असते, समोरचा लॅपटॉप तुमचा असतो, मध्ये कुणी नाही.

तेच मेसेजच्या फाईलबद्दल. त्या एक्सएमएलमध्ये बँकेची शिल्लक, कोणाला किती पैसे पाठवले, सगळं उघडं असतं. एक्सेल जमत नाही म्हणून कुठल्याही ऑनलाइन कन्व्हर्टरवर ती चढवू नका, आणि दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर उघडलीत तर परत येताना डिलीट करून या.

मधली_आळी

काढलं ताई आत्ताच. पैसे गेले नाहीयेत, उद्या शाखेत जाऊन पण बघते. धन्यवाद.

गावकूस

आमच्या आज्जीकडे कीपॅडचा साधा फोन आहे, तिलाही दुधाचे मेसेज येतात. त्यातून काढता येतात का?

सह्यवारा

मॉडेलवर आहे. जुन्या नोकियाचा बॅकअप नोकियाच्या पीसी सूटने कधी घेतलेला असेल तर ती फाईल एनबीयू एक्सप्लोरर नावाच्या मोफत प्रोग्रामने उघडते आणि मेसेज वाचता येतात. पण ज्या कीपॅड फोनला कॉम्प्युटरशी बोलायची सोयच नाही तिथे एकेक मेसेजचा दुसऱ्या फोनने फोटो काढणं एवढंच हातात आहे. त्या फोनमध्ये मेसेजची जागाही कमी असते, भरली की नवीन येणंच थांबतं. आज्जींना फोन बदलायचा नसेल तर डेअरीत नोंदवलेला नंबर बदलून घरातल्या एखाद्या स्मार्टफोनचा देऊन टाका, म्हणजे इथून पुढचं तरी राहील.

गोठ्यावरून

अपडेट देतो. तारखेचं सूत्र बरोबर बसलं, कंट्रोल ई ने लिटर आणि फॅट दोन्ही निघाले, एसएनएफला साचा मध्ये बदललेला होता तिथे दोनदा करावं लागलं. सकाळ संध्याकाळ वेगळं केल्यावर दिसलं की फरक फॅटमध्ये नाहीचे, काही संध्याकाळच्या नोंदी मेसेजमध्ये आहेत पण पगाराच्या बेरजेत धरलेल्याच नाहीत. ॲपमध्ये पण त्या तारखांना फक्त सकाळच दिसतेय. त्या तारखांची यादी आण्णांच्या हातात दिली आणि आज आम्ही दोघं केंद्रावर गेलो, त्यांनी लिहून घेतलंय, पुढच्या पगारात धरतो म्हणालेत. फोन तसाच ठेवलाय, रिसेट नाही.

स्क्रॅपी पण लावलं. आण्णांनी खुर्ची ओढली आणि स्वतःच माउस घेतला. एकच विचारायचंय, फोनवर स्क्रीन चालू राहतो त्याने बॅटरी उतरते, तो बंद ठेवून लॅपटॉपवर चालेल का?

नेटकी_निशा

चालेल. स्क्रॅपीची खिडकी समोर असताना ऑल्ट आणि ओ दाबा, फोनचा स्क्रीन बंद होतो, लॅपटॉपवर चालू राहतो. परत चालू करायला ऑल्ट, शिफ्ट आणि ओ. केबल लावलेली असल्यामुळे चार्जिंगही थोडं होत राहतं. आणि त्या यादीवर केंद्रचालकाची सही-तारीख घेतली नसेल तर उद्या घेऊन या.